ऑर्गनच्या बाकावरचं नाव

या, असे पुढे सरकून बसा. मागच्या बाकांवर बसलेल्यांनीही उठून या, इथे जागा आहे. सीब्रूकांच्या घरात जन्म, मरण, पूर, लग्नं पुष्कळ झाली. पण आज सांगायची आहे ती त्या एका रविवारची गोष्ट. एका बाईने वर्षभर गिळून ठेवलेलं वाक्य त्या दिवशी तोंडाबाहेर काढलं. प्रभूची कृपा कशी कुठल्या दाराने येते, ते ऐकण्यासारखं आहे.

माउंट हर्मन चर्चचा वर्धापनदिन होता. ओडेसा सीब्रूक दुसऱ्या बाकावर, नेहमीच्या जागी, टोपी सारखी करून बसली होती. सव्वीस वर्षं ती या चर्चची चिटणीस. व्यासपीठावर रेव्हरंड टिसडेल येशूला ऐन वेळी ‘मी ओळखत नाही’ म्हणणाऱ्या शिष्याची, पेत्राची गोष्ट सांगत होते. आधी साधं बोलणं. मग त्यांनी रुमाल काढला, आणि जाणत्यांनी ओळखलं की आता बाबा सूर धरणार.

"थंडीची रात्र आहे," ते म्हणाले.

"आहे, आहे!" बाकांमधून आलं.

"पेत्र शेकोटीपाशी बसलाय..."

"बसलाय, प्रभू!"

"आणि एक पोरगी विचारते, अरे, तू त्याच्या बरोबरचाच ना?"

इथे आवाज चढला, वाक्याचं गाणं झालं. रेव्हरंडांनी श्वास घेतला, आणि त्या श्वासात ऑर्गनने झील धरायला हवी होती. धरली, पण किंचित उशिरा. मोबदला देऊन शहरातून आणलेला वादक होता तो. सूर चुकत नव्हते त्याचे. फक्त बाबा कुठे वळणार ते त्याला आधी कळत नव्हतं. ते कळायचं लेमला. ओडेसाच्या भाच्याला, लेम्युएलला. रेव्हरंडांचा श्वास संपायच्या आत लेमची बोटं तिथे जाऊन थांबलेली असत. लेम आता कोलंबिया शहराच्या पलीकडे तुरुंगात होता, आणि उद्या त्याला वर्ष पुरं होत होतं.

"पोरगी साधं विचारते," रेव्हरंड गात होते, "आणि पेत्राच्या तोंडून भलतंच निघतं!"

ओडेसाने मांडीवरची कार्यक्रमपत्रिका उलटी केली. ती तिनेच टाइप केलेली होती. 'ऑर्गन : बंधू हेझेकाया सीब्रूक.' हेझेकायाकाकांनी गेल्या चार वर्षांत ऑर्गनला बोट लावलं नव्हतं. लावता येत नव्हतं. बोटं तळव्याकडे वळून बसली होती. पण इतकी वर्षं ज्याने देवळाला सूर दिला त्याचं नाव खोडायचं कसं? म्हणून काका बाकावर उजवीकडे बसायचे, लेम त्यांच्या शेजारी बसून वाजवायचा, आणि प्रार्थना संपल्यावर लोक येऊन काकांचा हात धरून म्हणायचे, आज काय वाजलं हो! लेम मान खाली घालून हसायचा. कुणी ठरवलं नव्हतं. माणसं चांगली असली की असं आपोआप होतं.

आणि त्या चांगुलपणातच पोरगं अडकलं. चाळीस मैलांवर हायवेलगतच्या एका दुकानात साडेआठला दरोडा पडला. दुकानदाराने सहा फोटोंमधून लेमच्या फोटोवर बोट ठेवलं. त्या वेळी लेम आपल्या चर्चच्या मंडळींबरोबर ग्रीन पॉण्ड गावच्या प्रार्थनासभेत ऑर्गनवर होता, साडेसातपासून दहापर्यंत. शंभर माणसांनी पाहिलेला. सभेचं रेकॉर्डिंगही होतं. पण त्यात ऑर्गन ऐकू येतो, वाजवणाऱ्याचं तोंड दिसत नाही. सरकारी वकिलाच्या कचेरीतून एका माणसाने चर्चला फोन केला. सभा किती वाजता सुरू झाली, उपदेश कुणाचा, ऑर्गनवर कोण? ओडेसाने सव्वीस वर्षांच्या सवयीने उत्तर दिलं, "हेझेकाया सीब्रूक. दुसरं कोण असणार?" त्याने त्या सभेची, तिनेच टाइप केलेली पत्रिकाही मागून घेतली. झालं. आता शंभर माणसं जरी उभी राहिली असती, तरी त्यांच्याच चर्चचा छापील कागद त्यांना खोटं पाडत होता. कोर्टाने नेमून दिलेल्या वकिलाने लेमला सांगितलं, लढलास तर दहा ते तीस वर्षं. हलक्या कलमाखाली गुन्हा कबूल केलास तर सात. लेमने कबूल केलं.

आणि आज दुपारी जेवणं झाली की काकांना पितळी पाटी द्यायची होती. चव्वेचाळीस वर्षांच्या सेवेबद्दल.

*

चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरात मासे तळले जात होते. लेमची आई रोसेटा कढईपाशी उभी होती, अंगावरच्या रविवारच्या कपड्यांवर मोठं ॲप्रन. लाल भाताची परात झाकून ठेवलेली. लेमची थोरली बहीण मार्व्हा टेबलाच्या कोपऱ्यावर कागद पसरून बसली होती. ती टोल्बर्ट नावाच्या वकीलबाईंच्या कचेरीत काम करायची.

"आई, कबुली रद्द करायच्या अर्जाची वर्षाची मुदत उद्या पाचला संपते. पाच वाजून एक मिनिट झालं की कोर्टाच्या खिडकीत कागद घेत नाहीत."

"नको घेऊ देत."

"लेमने सही केलीय. टोल्बर्टबाईंनी सगळं तयार केलंय. फक्त साक्षीदारांची शपथपत्रं..."

"तुझा भाऊ जिवंत आहे," रोसेटा झारा न थांबवता म्हणाली. "दोन वेळा जेवतोय. सातातलं एक गेलं. तू हे कागद टाकणार, कबुली रद्द होणार, मग काय? पोरगं पुन्हा पहिल्या कलमावर उभं. तीस वर्षं!"

"न केलेल्या गुन्ह्याची?"

"न केलेल्या गुन्ह्याचीही तीस होतात, बाळ. पंचवीस वर्षं मी पार्लरमध्ये बायकांचे केस करतेय. तसल्या आया माझ्या खुर्चीत बसून रडून गेल्यात. माझ्याच खुर्चीत मला बसायचं नाही."

ओडेसा रताळ्याचं गोड पक्वान्न कापत होती.

मार्व्हाने एक जाड गठ्ठा उचलला. "हे बघ, त्या दिवशीचं कोर्टातलं बोलणं. न्यायाधीशांनी एकोणतीस प्रश्न विचारले. समजून उमजून कबूल करतोयस ना? होय सर. कुणी दबाव टाकला का? नाही, असं म्हणायचं होतं. तिथेही होय सर. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. वकिलाच्या कामावर समाधानी आहेस? होय सर."

"मीच शिकवलंय तसं. मोठ्या माणसाने विचारलं की आधी होय सर. शिकवलं म्हणून हातीपायी धड आहे."

"तेच आता आपल्या आडवं येतंय, आई. शपथेवर बोललाय तो. ते उलटवायचं तर एकच वाट आहे. वकिलाने आपलं काम केलं नाही, हे दाखवायचं. त्याने रेकॉर्डिंग मागवलं नाही, ग्रीन पॉण्डला गेला नाही. पण मुख्य गोष्ट हेझेकायाआजोबांची. मी तीन वर्षं वाजवलेलं नाही, हे माझे हात बघा, एवढं आजोबा बोलले असते तर ती पत्रिका तिथेच गळून पडली असती."

"मग बोलले का नाहीत?" रोसेटाने झारा आपटला. "विचारलं होतं ना त्यांना! शुक्रवारी निरोप गेला, सोमवारी उत्तर आलं, जमणार नाही म्हणून. पोर आत गेलं तरी चालेल, बाकावरची जागा सुटता कामा नये. आणि आज त्यांनाच पाटी! मी टाळ्या वाजवणार नाही, आधीच सांगून ठेवते. माझे हात तेलकट आहेत म्हणा."

मार्व्हा हळू आवाजात म्हणाली, "टोल्बर्टबाईही हेच म्हणतात. त्यांना विचारलं आणि ते नाही म्हणाले, असं असेल तर वकील सुटला. त्याने साक्षीदार मागितला, साक्षीदार आला नाही. मग आपल्याकडे फार काही उरत नाही."

ओडेसाने सुरी खाली ठेवली. सकाळपासून पेत्र तिच्या शेजारीच येऊन बसला होता.

"वहिनी, त्यांना कुणी विचारलं नाही."

"काय?"

"वकिलाने निरोप माझ्याकडे दिला होता. मी म्हटलं, विचारते. त्या शुक्रवारी काकांच्या ओसरीपर्यंत गेले. ते कोमट पाण्यात बोटं बुडवून बसले होते. मागे स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्या आठवड्याची पत्रिका टाचणीने लावलेली. माझं तोंडच उघडेना. माझे वडील गेल्यावर याच हातांनी मला वाढवलं, वहिनी. मी त्यांना भेंड्या देऊन परत आले. आणि सोमवारी वकिलाच्या कचेरीत सांगितलं की त्यांना जमणार नाही."

रोसेटाने गॅस बंद केला. अगदी सावकाश.

"वन्सं, वर्षभर मी त्या माणसाशी बोलले नाही. ईस्टरला त्यांनी हात पुढे केला होता, मी पर्स उचलून निघाले. आणि तुम्ही तिथे बाजूला उभ्या होतात. टोपी घालून."

"होते."

"आणि लेमला काय वाटत असेल? त्यालाही हेच सांगितलंय ना, की आजोबा नाही म्हणाले?"

"हो."

मार्व्हा उठून उभी राहिली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हातात पेन. "आत्या, वकील स्वतः आजोबांकडे कधीच गेला नाही? फोन? चिठ्ठी?"

"कधीच नाही. सगळं माझ्या एका शब्दावर."

"हे शपथेवर सांगशील?"

"सांगेन. पण आधी त्यांना."

"आत्या, तू आत्ता आमचा अख्खा दावा उभा केलास, कळतंय का तुला?"

"आणि आधी झोपवला होता तो कुणी?" रोसेटा म्हणाली, आणि पाठ फिरवून माशांकडे वळली.

*

काका गायकांच्या झग्यांच्या खोलीत बसले होते. पांढरा सूट, निळा बो. वय एकोणऐंशी, पण पाठ ताठ.

"ये गं. मला एक सांग, पाटी घ्यायला दोन्ही हात पुढे करू की एकच? एका हाताने धरली तर पडेल, रेव्हरंडांच्या पायावर. मग पुढच्या रविवारी उपदेश कोण गाणार?"

ओडेसा हसली नाही. स्टूल ओढून त्यांच्या समोर बसली आणि सगळं सांगितलं. फोनपासून भेंड्यांपर्यंत. मध्ये थांबली नाही, स्वतःची बाजू मांडली नाही. काका ऐकत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं ते तिच्या मनातही नव्हतं.

"मी तुला तेव्हा विचारलं होतं, माझी साक्ष लागेल का. तू म्हणालीस, नको, वकील म्हणतोय मिटवून टाकू."

"हो, काका."

"का गं?"

"तुमचा मान जाईल म्हणून."

"म्हातारा झालो म्हणजे काचेचा झालो काय मी?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "पोराला बेड्या पडल्या, आणि तू माझ्या बोटांची काळजी करत बसलीस?"

ओडेसाने मान खाली घातली. बाहेर बायका ताटं मांडत होत्या, कुणीतरी कुणाला मिरचीचं लोणचं आणलं नाही म्हणून बोलत होतं. मग काकांनी आपला वळलेला डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"तुझी एकटीची चूक नाही. दर रविवारी ती पत्रिका मी घडी करून खिशात ठेवायचो. खोटी आहे हे मला ठाऊक होतं. गोड लागायचं, ओडेसा. तू मान वाढलास, मी जेवलो, आणि उपाशी राहिलं ते पोर." ते उठले. "चल. अन्न निवतंय."

*

जेवणाच्या खोलीत दीडशे माणसं होती. पेत्राचा सूर रेव्हरंडांच्या घशात अजून शिल्लक होता. त्याच आवाजात त्यांनी पाटी वाचली. "चव्वेचाळीस वर्षांच्या अखंड..."

"चाळीस," काका म्हणाले.

रेव्हरंडांनी चष्मा वर केला. "काय म्हणालात, बंधू?"

"चाळीस वर्षं माझी. नंतर तीन वर्षं वाजलं ते माझ्या नावाने, पण लेम्युएलच्या हातांनी. ग्रीन पॉण्डलासुद्धा. मी शेजारी बसून पानं उलटत होतो, तीही त्यानेच बऱ्याचदा उलटली." त्यांनी दोन्ही हात वर केले, वळलेल्या बोटांसकट, सगळ्यांना दिसतील असे. "तुम्हा सगळ्यांना हे माहीत आहे. तुम्ही माझ्यावरच्या मायेने बोलला नाहीत. आता त्याच मायेने बोला. ज्यांना माहीत होतं, त्यांनी हात वर करा."

पंख्यांनी वारा घेणाऱ्या बायकांचे हात तेवढे थांबले. मग रेव्हरंड टिसडेलांनीच हात वर केला. मग ग्रीन पॉण्डहून पाहुणी आलेली सगळी गायकमंडळी. मग टेबलामागून टेबल. कुणाच्या हातात काटा होता, कुणाच्या हातात माशाचा तुकडा.

"खाली घेऊ नका!" मार्व्हा कागद घेऊन धावली. "हात वरच राहू द्या, मी नावं लिहून घेते! ग्रीन पॉण्डवाले आधी!"

"लवकर लिही गं पोरी," मागून एक म्हातारी ओरडली, "माझा खांदा धरलाय!"

खोलीभर हशा उसळला, आणि त्या हशात कितीतरी डोळे पुसले गेले.

रोसेटा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने हात वर केला नव्हता, आणि ती हसलीही नव्हती. काका लोकांमधून वाट काढत तिच्यापुढे आले.

"रोसेटा, मी त्याच दिवशी आलो असतो."

"आता कळलं, काका." तिने हात ॲप्रनला पुसले. "पण ते कोर्ट आहे. इथे सगळे आपले. तिथे ज्युरी म्हणून बारा परके बसतील. तीस म्हणतील तेव्हा कुणाचा हात वर होणार?"

तेवढ्यात रोसेटाच्या ॲप्रनच्या खिशात फोन वाजला. चार वाजले होते. दर रविवारी चारला लेमचा फोन यायचा. आधी यंत्राचा आवाज, मग बटण दाबायचं, मग पंधरा मिनिटं.

रोसेटाने आवाज मोठा करून फोन परातीशेजारी ठेवला. मार्व्हाने घाईघाईने जे झालं ते सांगितलं. मग काका फोनवर वाकले.

"लेम, मी आजोबा. मला कुणी विचारलं नव्हतं, बाळा. विचारलं असतं तर चालत आलो असतो."

पलीकडे तुरुंगातला गोंगाट होता.

"मला वाटलं तुम्ही..."

"माहीत आहे तुला काय वाटलं. आता ऐक. हे कागद टाकले तर जुना गुन्हा परत उभा राहू शकतो. तीस वर्षांपर्यंत. समजतंय?"

"होय सर."

"होय सर नको. मी न्यायाधीश नाही. तुला काय हवंय ते सांग. नको असेल तर नको म्हण, इथे कुणी रागावणार नाही."

मग लेमचा आवाज आला, आणि ओडेसाला तो आधी ओळखूच आला नाही, इतका तो सरळ होता.

"मला भीती वाटते, आजोबा. पण मी तिथे वाजवत होतो. आणि मी शपथेवर म्हणालो की मी दुकानात होतो. रोज सकाळी उठलो की ते पहिलं आठवतं. मला ते परत घ्यायचंय. आई आहे का तिथे?"

"आहे रे," रोसेटा म्हणाली.

"आई, तू म्हणालीस म्हणून मी कबूल केलं. हे मी माझ्या मनाने करतोय. रागावू नकोस."

रोसेटाने फोन उचलून दोन्ही हातांनी छातीशी धरला. पंधरा मिनिटं संपून यंत्राने निरोप घेतला तेव्हा तिने ॲप्रन सोडलं, नीट घडी घातली आणि मार्व्हासमोर खुर्ची ओढली.

"माझाही कागद कर. लिही, म्हातारा साक्षीला तयार नाही असं वकिलाने मला सांगितलं, म्हणून मी माझ्या पोराला म्हटलं, कबूल कर. नाहीतर मी त्याला लढ म्हटलं असतं. लिहिलंस? शेवटचं वाक्य परत वाच."

मग तिने मान न वळवता म्हटलं, "वन्सं, तुम्हाला मी माफ केलेलं नाही. पण उद्या सकाळी आठला गाडीत बसायचंय. चाळीस मैलांत बघू काय होतंय ते."

"साडेसातलाच तयार राहते," ओडेसा म्हणाली. तिला रडू आलं नाही. उलट कडकडून भूक लागली. कितीतरी महिन्यांनी तिने लाल भात पोटभर खाल्ला.

सिस्टर युलाली ग्रँट नोटरी होत्या; शिक्का त्यांच्या पर्समध्ये कायम असायचा, औषधांच्या डबीशेजारी. एकेकाला त्या उजवा हात वर करायला लावत होत्या. ओडेसाने आपला कागद स्वतःच टाइप केला, चर्चच्या पत्रिका ती टाइप करायची त्याच यंत्रावर. 'मला विचारलं तेव्हा मी जे सांगितलं ते खरं नव्हतं.' असं वाक्य तिने आयुष्यात कधी टाइप केलं नव्हतं. एकही चूक झाली नाही.

काकांची पाळी आली. पेन दोनदा निसटलं.

"बंधू, नुसती खूण केलीत तरी चालेल," युलालीबाई म्हणाल्या. "मी साक्ष लिहिते."

"नाही. न्यायाधीशांना बघू दे हा हात कसा लिहितो ते."

आणि त्यांनी सही केली. एकेक अक्षर, वाकडं, खाली घसरणारं, पण पूर्ण. ओडेसाने कागद धरला होता. रेव्हरंड, मार्व्हा, रोसेटा, सगळे उभे. कुणी घाई केली नाही.

सोमवारी सकाळी साडेदहाला तो गठ्ठा खिडकीतून आत गेला आणि त्यावर शिक्का पडला. सुनावणीची तारीख अजून लागायची आहे. ती लागेल. त्या दिवशी ग्रीन पॉण्डहून दोन बस भरून येणार आहेत, त्यांची जेवणंसुद्धा ठरली आहेत. पण तोवर त्या कोठडीत दिवस एकट्यालाच काढायचे आहेत, म्हणून जवळ येऊन बसलेल्यांकडे एवढंच मागणं. आज प्रार्थनेला बसाल तेव्हा एक नाव घ्या. मोठ्याने घ्या, पूर्ण घ्या : लेम्युएल सीब्रूक. ऑर्गन वाजवतो.